बेटाची चार्जवही

केजच्या बसस्टँडासमोर आता मोबाईलची अकरा दुकानं आहेत आणि फुटलेली काच अकराही ठिकाणी तासाभरात बदलून मिळते. तरी गावातली वयस्क मंडळी केदारनाथच्याच दुकानात जातात. बाकीचे दहा जण आधी फोन हातात घेतात आणि केदारनाथ आधी माणसाला स्टूल देतो, एवढाच काय तो फरक. ही सवय मोबाईलच्या धंद्यातली नाही. ती त्याच्या जुन्या धंद्यातली आहे आणि त्या धंद्याचा विषय तो सहसा काढत नाही.

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकान उघडणारा. सरळ इतका की बायको, ईश्वरी, म्हणते, “ह्यांनी खोटं बोलायचं नुसतं मनात आणलं तरी कानाच्या पाळ्या लाल होत्यात.” ते खरंच आहे. पण एक खोटं त्याने बारा वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि ते अजून पचलेलं नव्हतं.

गोष्ट सुरू होते ती त्याच्या वडिलांच्या, रेवणप्पांच्या, किराणा दुकानामागच्या खोलीत. दोन हजार सहा साली बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या केदारनाथने त्या खोलीतले तेलाचे डबे हलवले, एक रंगीत टीव्ही ठेवला आणि हैदराबादहून कोणाकडून तरी जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. रेवणप्पांनी दारातूनच विचारलं, “व्हय रं, वाण्याच्या पोटी जलमून खुळखुळे इकणार का तू?” आणि नंतर सहा वर्षं त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. लागून दुकान, मध्ये एक दार, पण साखरेचं पोतं हवं असलं तरी ते हाक मारून बाहेर मागवून घ्यायचे. लिंगायत वाण्याचा रुसवा असा शिस्तीचा असतो.

मशीनबरोबर डिस्कांचा गठ्ठा आला होता. गोळीबाराच्या, गाड्यांच्या, कुस्तीच्या. त्यावर पोरं तुटून पडायची आणि महिन्याभरात कंटाळायची. गठ्ठ्यात एक डिस्क मात्र बिनकव्हराची होती. लावली तर एक बेट निघालं. निळा समुद्र, मधोमध डोंगर, एक पवनचक्की, दोन धक्के आणि मोठाल्या डोक्यांची, आखूड पायांची विसेक गमतीदार माणसं. कोणाला मारायचं नाही, कोणाच्या मागे पळायचं नाही, घड्याळ नाही. मनाला येईल तिकडे चालायचं. मासे धरा, झाडं लावा, कोणाच्या अंगणात जाऊन बसा, डोंगरावरून छत्री उघडून तरंगत खाली या. अक्षरं इंग्रजी आणि आणखी कुठली तरी. त्यामुळे खेळाने नेमून दिलेली कामं कोणती ते कोणाला कळलंच नाही आणि तेच बरं झालं. लोकांनी आपापली कामं काढली.

एक अडचण होती. मशीनची आठवण साठवायची चिप एकच आणि या खेळाला तिच्यावर जागाही एकच. म्हणजे तुम्ही जिथे थांबलात तिथून पुढचा माणूस सुरू करणार. तुमची बोट तो नेणार, तुमच्या झाडाची फळं तो खाणार. सुरुवातीला यावरून रोज तंटे. “माजे मासे कुणी इकले बे?” म्हणून दोन मोठी माणसं, चांगली मिशा असलेली, एकमेकांच्या अंगावर गेलेली केदारनाथने पाहिली.

तो तंटा मिटवला सत्यशीलाबाईंनी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. केजहून जीपने पलीकडच्या गावी जायच्या आणि जीप भरल्याशिवाय सुटायची नाही. तेवढा वेळ कुठे काढायचा? एक दिवस साखर घ्यायला आल्या आणि मागच्या खोलीत डोकावल्या. नंतर रोज जीपवाला बाहेरून “बाई, भरली!” म्हणून ओरडेपर्यंत त्या बेटावर. त्यांनीच एक दोनशे पानी वही आणून टीव्हीशेजारी सुतळीने बांधली. म्हणाल्या, “आमच्या शाळेत चार्ज दिल्या-घेतल्याशिवाय खडूचा खोका हालत नाही. इथंही उठताना प्रत्येकाने चार्ज लिहायचा, काय कुठं सोडलं ते. बसणाऱ्याने वाचायचा आणि खाली सही करायची.”

आणि लोकांनी लिहिलं! ज्यांनी शाळा सुटल्यापासून पेन धरला नव्हता त्यांनीही.

“बोट खालच्या धक्क्याला आहे. बादलीत चार मासे, पैकी एक बूट.”

“चक्कीमागची भोपळ्याची वेल तहानली आहे. मला जीप लागली. पुढच्याने पाणी घालावे.”

“लाइट जायच्या आत साठवले. १.५५.” भारनियमनाचं वेळापत्रक तेव्हा गावाला तोंडपाठ होतं.

पहिल्याच पानावर लाल शाईत बाईंचा नियम होता: “टोपीवाल्याला कोणीही हो म्हणू नये.” हा टोपीवाला वरच्या धक्क्यावर जहाज लावून उभा असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काही तरी विचारायचा. बाईंनी डिक्शनरी आणून अर्थ लावला. तो म्हणत होता, चला, मोठ्या देशाला नेतो, परत येणे नाही. तिथे गेलं की खेळ जिंकला आणि संपला. सहा वर्षांत केजमधला एकही माणूस जिंकला नाही. सगळ्यांचं बेट एकट्याने कसं संपवायचं?

या मंडळींत अर्जुनराव सगळ्यात उशिरा आले आणि सगळ्यात घट्ट बसले. केजपासून सात-आठ किलोमीटरवरचे शेतकरी, बरी जमीन, पांढरं धोतर, आवाज मोठा. शेताच्या वाटेवरून भावकीशी वाद होता आणि तहसीलमध्ये तारखा चालू होत्या. तारीख म्हणजे सकाळी अकराला हजर व्हायचं आणि चारला पुढची तारीख घेऊन परतायचं. मधल्या वेळात चहापत्ती घ्यायला आलेल्या अर्जुनरावांनी पडद्यावरचा मोकळा डोंगर बघितला आणि विचारलं, “ह्येचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?”

“कुणाच्याच न्हाई, काका.”

“मंग बांध?”

“बांधच न्हाई. कुठूनबी कुठंबी जा.”

“आन् कुणी आडवत न्हाई?”

“कावून आडवतील?”

अर्जुनराव स्टुलावर बसले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. कुठे तरी बांध निघेलच म्हणून ते समुद्राच्या कडेकडेने चालत निघाले आणि अख्ख्या बेटाला फेरी मारायला त्यांना तीन तारखा लागल्या. फेरी पुरी झाली तेव्हा त्यांनी हातातला खेळाचा रिमोट खाली ठेवला आणि डोळे पुसले. “लई ग्वाड जागा हाय,” एवढंच म्हणाले. त्यानंतर तारीख पुढे गेली की ते चिडेनासे झाले. उलट लवकर निकाल लागतो की काय याचीच त्यांना धास्ती वाटायची, असं बाई म्हणायच्या.

त्यांचा चार्ज पंचनाम्याच्या थाटात असे. “आज रोजी डोंगराच्या उत्तर अंगास नारळाची सात झाडे लावली, ती मोजून घ्यावीत. अर्जुनराव.” आणि पुढचा माणूस खरंच डोंगर चढून मोजून यायचा.

वहीत एकच पान वादाचं होतं. पवनचक्कीजवळची एक म्हातारी एकदाच, फक्त एकदा, एक पिवळं बी द्यायची. ते बेटावरच्या सगळ्यांच्या पेटीत ठेवलं होतं. सगळे असताना कुठे लावायचं ते ठरवू, असं बाईंनी लिहिलं होतं. आठवड्याने पेटी रिकामी. बाईंनी लाल शाईत लिहिलं, “पिवळे बी ज्याने नेले त्याने खाली लिहावे,” आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. रोज प्रत्येकजण आधी ते पान उघडून बघायचा. त्या चार ओळी कोऱ्याच राहिल्या.

मग दोन हजार बाराचा दिवाळी पाडवा आला.

पाडव्याला रेवणप्पांच्या दुकानात वहीपूजन व्हायचं. नवी वही, नवा पेन, पहिल्या पानावर हळदीकुंकू. त्या वर्षी पूजा झाली आणि रेवणप्पा हातात नारळ घेऊन मधल्या दारात येऊन उभे राहिले. केदारनाथ बघतच राहिला. त्यांनी चप्पल काढली, उंबरा ओलांडला, टीव्हीला कुंकू लावलं, मशीनला विभूती लावली आणि खाली मान घालून म्हणाले, “लोकं चार्ज लिव्हत्यात म्हणं तुज्याकडं. चांगलं हाय. आज मुहूर्त हाय बाबा. आमी नवी वही उघडतो तसं तुजंबी काय आसंल ते नवं उघड.”

सहा वर्षांनी आप्पा आत आले होते. केदारनाथचा ऊर इतका भरून आला की त्याने दुसरा विचार केला नाही. पाडव्याला नवं उघडायचं हे त्याच्या रक्तातच होतं. त्याने मशीन सुरू केलं आणि आप्पांच्या देखत ‘नवा खेळ’ दाबलं. मशीनने इंग्रजीत काही तरी विचारलं. शुभ दिवस, आप्पा हात जोडून उभे, नाही कसं म्हणायचं? त्याने हो दाबलं. पडद्यावर बेट आलं. निळा समुद्र, डोंगर, पवनचक्की.

झाड एकही नव्हतं.

आप्पा म्हणाले, “छान हाय,” आणि प्रसाद ठेवून गेले. केदारनाथ दार लावून पडद्यासमोर बसला. त्याने मशीन बंद करून चालू केलं, चिप काढून फुंकर मारून पुन्हा घातली, पुन्हा काढली. सहा वर्षांची झाडं, वेली, बोटीचा रंग, सगळं त्याच्या एका बोटाने पुसून टाकलं होतं. तो रडला. तिशी ओलांडलेला माणूस खेळण्यासाठी रडतो याची त्याला लाज वाटली आणि तरीही रडला.

खरं सांगितलं असतं तर आप्पांच्या मुहूर्ताचं नाव निघालं असतं. ते ऐकून आप्पा पुन्हा कधी त्या खोलीत आले नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना सांगितलं, “मशीन जळालं.” लोकांनी व्होल्टेजला शिव्या दिल्या, केदारनाथलाच धीर दिला आणि हळूहळू यायचे बंद झाले. अर्जुनराव मात्र पुढे वर्षभर विचारत, “दुसरं मशीन आणलं तर?” केदारनाथ म्हणायचा, “आता मिळत न्हाई, काका.” मग त्यांना लांबून बघितलं की तो रस्ताच बदलायचा. खोलीत मोबाईलचं दुकान आलं. जळालं म्हणून सांगितलेलं मशीन भंगारात गेलं आणि वही, डिस्क आणि चिप आप्पांच्या ट्रंकेत गेली. पाच वर्षांपूर्वी आप्पाही गेले.

यंदा पोळा झाला आणि अर्जुनराव दुकानात आले. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, शेजारी कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी नात स्वप्नाली. स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, “आरं केदार, बेट जळालंच न्हाई म्हनती ही!”

केदारनाथच्या पाळ्या तापल्या.

स्वप्नालीने नीट समजावून सांगितलं. मशीन जळालं तरी आठवण वेगळ्या चिपवर असते. चिप शाबूत असेल तर तसंच दुसरं मशीन मिळवायचं, बेट जसंच्या तसं उभं राहील. पोरगी हुशार होती आणि तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, हीच तर पंचाईत.

“दिवाळी झाली की पोराकडं, इजयकडं, जायचंय पुण्याला, कायमचंच,” अर्जुनराव म्हणाले. “वाटंचा निकाल लागला बग. वाट मिळाली, आन् वाटंनं चालायला मीच गावात राह्यलो न्हाई. त्याच्या आदी येकडाव दाव की रं. माजी झाडं बघायची हायेत.”

“बघतो, काका. जरा येळ लागंल,” केदारनाथ म्हणाला. ते गेल्यावर ईश्वरीने त्याच्या कानांकडे बघितलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकून म्हणाली, “सांगून टाका की त्यांना. बारा वर्सं झाली, कोण मारतंय?”

पण सांगायची हिंमत झाली नाही. परळीला एका ओळखीच्या माणसाकडे तसलंच जुनं मशीन निघालं, ते त्याने आणलं. ट्रंकेतून वही काढली. आणि दुपारी एक ते चार, गिऱ्हाईक नसतं त्या वेळात, तो बेट नव्याने लावायला बसला. वही मांडीवर, एकेक चार्ज वाचायचा आणि तसंच करायचं. भोपळ्याची वेल चक्कीमागे. बोट खालच्या धक्क्याला, रंग तांबडा. नारळाची सात झाडं डोंगराच्या उत्तर अंगास.

पहिल्या आठवड्यात ती चोरी झाकायची धडपड होती. नंतर कधी ती बदलली ते त्यालाही कळलं नाही. पान उलटलं की माणसं यायची. हे तिरकं अक्षर एसटीच्या मेकॅनिकचं, त्याच्या बोटांचं ग्रीस अजून कागदावर आहे. हे ‘पाणी घातले पाणी घातले’ लिहिणारी एक आजी, जिला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. सत्यशीलाबाई आता लातूरला मुलीकडे असतात, पण लाल शाई वाचताना त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि मागोमाग जीपवाल्याचाही. तेव्हा किती लोक, किती वयांचे, एकाच स्टुलावर पाळीपाळीने बसले होते आणि दुसऱ्याने लावलेल्या झाडाला पाणी घालून उठले होते! आज स्टँडासमोर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा खेळ आहे आणि कोणी कोणाला काही लिहून ठेवत नाही. हे आठवून केदारनाथला वाईट वाटायचं, आणि बेटावर असेपर्यंत बरंही वाटायचं. पिवळं बी म्हातारीने त्यालाही दिलं. पण वहीप्रमाणे पेटी रिकामी हवी, म्हणून त्याने ते खेळातल्या आपल्या माणसाच्या झोळीत ठेवून दिलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जुनराव आले. स्वप्नालीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि ती बाजारात गेली. केदारनाथने टीव्ही लावला.

अर्जुनरावांनी रिमोट हातात घेतला. वाट त्यांना पाठ होती. “ही बाईंची येल,” ते मोठ्याने बोलू लागले. “ही तांबडी बोट! आगं आई गं, तशीच हाय!” ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. केदारनाथला वाटलं, निभलं. आता हे पुण्याला जातील आणि बेट तसंच आहे म्हणून सुखाने राहतील.

पण अर्जुनराव आपल्या नारळांपाशी थांबले नाहीत. डोंगर चढले, पलीकडे उतरले आणि खडकांच्या आड एका अरुंद किनाऱ्यावर गेले. तिथे जायचं कोणाला काही कारणच नव्हतं. त्या जागेचं वहीत नावसुद्धा नव्हतं. तिथे नुसती वाळू होती.

ते त्या वाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले.

“गेलं,” ते हळू म्हणाले.

“काय गेलं, काका?”

“पिवळं झाड. म्याच नेलतं रं ते बी.” त्यांनी केदारनाथकडे बघितलं नाही. “समदं आविष्य भावकीत वाटून खाल्लं. वाटलं, येक झाड तरी आपलं येकट्याचं आसावं, कुणाला ठाव नसंल आसं. चोरून लावलं. पर चार्ज लिव्हला न्हाई, मंग पाणी कोण घालनार? लिव्हलं आसतं तर जगलं आसतं. माज्यामुळंच वाळलं.”

केदारनाथने गप्प बसायचं होतं. एवढंच. त्याचं खोटं आपोआप गाडलं जात होतं, कोणी त्याला कधीच काही विचारणार नव्हतं. समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस न मारलेल्या झाडाचा दोष डोक्यावर घेऊन पुण्याला निघाला होता.

“काका, तुमचं झाड वाळलं न्हाई,” तो म्हणाला. “म्या पुसलं.”

आणि त्याने सगळं सांगितलं. पाडवा, आप्पांचा नारळ, नवी वही, हो दाबलेलं बोट. मशीन जळालंच नव्हतं. हे बेटही ते नाही. बोलताना त्याने मान वर केली नाही.

अर्जुनरावांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “बारा वर्सं मला चुकवत गेलास ते ह्येच्यापायी व्हय? मला वाटायचं, माजं काय चुकलं.”

हे मात्र केदारनाथला लागलं. हा विचार त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. “चुकलं, काका,” एवढंच त्याला बोलता आलं.

“मंग हे समदं कुणी लावलं?”

“म्याच. वहीत बघून. दोन म्हैने झाले.”

“माजी सातबी?”

“सातच हायेत. मोजून घ्या.”

अर्जुनराव खरंच मागे फिरले. डोंगर चढले, उत्तर अंगाला आले आणि एकेका नारळाशी थांबून सात मोजले. मग खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांचा तो जुना मोठा आवाज पुन्हा फुटला. “आन् बी? म्हातारीनं दिलं आसंल की तुला. पेटीत ठिवलं का न्हाई?”

“झोळीत हाय.”

“आन हिकडं. आन् वही दे.”

ते पुन्हा त्या अरुंद किनाऱ्यावर गेले आणि त्याच वाळूत बी लावलं. केदारनाथने दुसऱ्या बाजूने हात घालून रिमोटवरची पाण्याची कळ दाबली. मग अर्जुनरावांनी चष्मा चढवला, लाल शाईचं ते पान शोधलं आणि चार कोऱ्या ओळींतल्या तीन भरल्या. अक्षर हललेलं होतं, थाट तोच होता.

“आज रोजी कबूल करतो की पिवळे बी मीच नेले होते. आज पुन्हा डोंगरामागे, केदारनाथच्या समक्ष लावले आहे. मी पुण्यास असेन, तरी रोज पाणी घालावे. अर्जुनराव.”

वही त्यांनी केदारनाथकडे सरकवली. “येक वळ तुला ठिवलीया.”

केदारनाथने पेन घेतला. बारा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते एका ओळीत बसायचं होतं, म्हणून त्याने बारीक अक्षरात लिहिलं.

“मशीन जळाले नव्हते, बेट माझ्या हाताने पुसले गेले. चार्ज घेतला. पाणी घालतो. केदारनाथ.”